बी पडेपर्यंत

वळण घेऊन वाट डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आली आणि पाहुणीला गाव दिसलं. तिला पहिल्यांदा वाटलं, गावात कुणीतरी मोठं माणूस गेलेलं दिसतंय आणि सगळं गाव माती द्यायला निघालंय. समोरचा अख्खा उतार हलत होता. एकावर एक पायऱ्या रचाव्यात तशी अरुंद रानं आणि त्यांच्या कडेकडेनं माणसं मुंग्यांसारखी ओळीनं वर चढत होती. प्रत्येकाच्या पाठीवर टोपली, टोपलीचा पट्टा कपाळाला. टोपलीत काळी माती. वरच्या कडेला जाऊन ओतायची, रिकामी टोपली घेऊन उतरायचं, पुन्हा भरायची. कुणी बोलत नव्हतं. एवढी माणसं असून नुसता श्वासांचा आवाज येत होता.

"वहिनी, कोण गेलं?" तिनं हळूच विचारलं.

वहिनी म्हणजे जिच्या घरी ती राहणार होती ती बाई. मोटारीचा रस्ता संपतो तिथून तिला आणायला आली होती आणि पाहुणीची पेटी पाठीवर घेऊन पुढं चालली होती. ती थांबली, वळली, आणि हसू दाबता दाबता तिला ठसका लागला.

"अहो ताई, कुणी गेलेलं नाही. रान खाली आलंय. ते वर नेतोय."

"रान वर नेताय?"

"मग काय करायचं? थंडीत बर्फ पडतं, ते वितळताना माती घसरते. वरची कड उघडी पडते, खालच्या कडेला ढीग होतो. तो उचलायचा आणि वर नेऊन टाकायचा."

"दरवर्षी?"

"पोटाला लागतं का दरवर्षी? तसंच हे." एवढं बोलून वहिनीनं पेटीचा पट्टा सारखा केला आणि पाय उचलला.

पाहुणी तिथंच उभी राहिली. शेत म्हणजे देवानं अंथरून दिलेली गोष्ट, माणसानं फक्त नांगरायचं, पेरायचं, असंच ती समजत आली होती. इथं तर आजोबानं उचललेली माती नातू उचलत होता. अख्खा डोंगर माणसांनी पाठीवर तोलून धरलेला होता. तिचे हात आपोआप जोडले गेले. मग वहिनी फार पुढं गेलेली पाहून ती लगबगीनं निघाली आणि दोनदा घसरली.

शहरातल्या एका संस्थेनं तिला इथल्या शाळेतल्या मुलांना शिकवायला पाठवलं होतं. शाळेला कुलूप होतं. किल्ली गुरुजींकडे होती आणि गुरुजी आपल्या रानात टोपली घेऊन उतरलेले. "माती वर गेली की शाळा," ते घाम पुसत म्हणाले. "आत्ता घंटा वाजवली तर माझी बायकोसुद्धा येणार नाही."

घर लहान होतं. खाली गोठा, शिडीनं वर चढलं की एकच खोली. मधोमध चूल, धुरानं काळी कुळकुळीत झालेली तुळई, भिंतीत हातभर खिडकी. खालच्या जनावरांची ऊब फळ्यांच्या फटींतून वर येई. खिडकीपाशी वहिनीचा नवरा बसला होता. त्याचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. बर्फ वितळताना त्यांच्या सगळ्यात मोठ्या रानाचा बांध ढासळला, तो सावरायला गेला आणि एक दगड खांद्यावर आला. गळ्याजवळचं हाड मोडलं.

"बसा ताई," तो म्हणाला. "उठून पाट देणार होतो, पण हात आमचा सध्या पाहुणा आहे. नुसता बसून खातो."

चुलीपाशी त्याची आई होती. तिला सगळं गाव म्हातारीच म्हणे आणि तीही ओ देई. तिनं पाहुणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिचे तळवे उलटेपालटे करून चाचपले, आणि म्हणाली, "कापूस आहे. असू दे. कापसालाही पीळ बसतो."

जेवायला बसताना पाहुणीनं आपल्या पिशवीतून मूठभर दाणे काढले आणि खिडकीबाहेरच्या कठड्यावर टाकले. पाखराच्या चोचीत चार दाणे पडल्याशिवाय आपल्या तोंडात घास घालायचा नाही, असा तिचा नेम होता. आईच्या पाठोपाठ धरलेला, कधी न मोडलेला. ती ओशाळून म्हणाली, "हसू नका हं, सवय आहे."

"हसायचं काय त्यात?" म्हातारी म्हणाली. "नेम आहे तर पाळावा. आणि पिशवी संपत आलीय तुझी. उद्यापासून आमच्या कणगीतले जव घे."

सकाळी उजाडताच सगळे रानावर गेले. पाहुणीनं वहिनीच्या घरचं ते वरचं रान पाहिलं. मधोमध बांध फुटलेला आणि त्या खिंडारातून सगळी माती ओघळून खालच्या रानात पंख्यासारखी पसरलेली. वरती उरले होते धोंडे आणि खडकाची उघडी पाठ.

खालचं रान होतं चुलतभावाचं. त्याला सगळे 'खालचा' म्हणत. तो आपल्या रानाच्या टोकाला शेळी बांधत होता. वहिनीच्या नवऱ्याला पाहून त्यानं मुद्दाम पाठ केली आणि शेळीला मोठ्यानं म्हणाला, "ऐकून ठेव गं शेळे. ओल उतरायला लागलीय. परवा सकाळी मी बी टाकणार. मागाहून कुणी म्हणायला नको की सांगितलं नाही."

वहिनीचा नवरा एका हातानं बांधाचे दगड रचत होता. त्यानं हातातल्या दगडाकडे पाहून उत्तर दिलं, "ज्याचं रान त्याची पेरणी रे दगडा. आपण कुणाला थांब म्हणायला जाणार नाही."

"थांब म्हणा म्हणून इथं कोण पाया पडतंय गं शेळे?"

"बघ दगडा, शेळीला किती काम लावलंय माणसानं!"

पाहुणी तोंडाला पदर लावून वहिनीला म्हणाली, "हे काय चाललंय?"

"वाटणीच्या वेळी शब्दाला शब्द वाढला, तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. तेवढ्या काळात त्याच्या तीन शेळ्या म्हाताऱ्या होऊन गेल्या. ही चौथी. हिला आमच्या घरातलं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे." मग वहिनीचं हसू ओसरलं. "पण तो खोटं बोलत नाही. ओल गेली तर त्याचं बी वाया जाईल. परवा म्हणजे परवा."

मग तिनं तिथली रीत सांगितली. घसरलेली माती वरच्याची. वरचा खालच्याच्या रानात उतरून हवी तेवढी उचलून नेऊ शकतो, खालच्यानं अडवायचं नाही. पण फक्त खालच्या रानात बी पडेपर्यंत. एकदा बी पडलं की त्या मातीला हात लावायचा नाही. ती खालच्याची झाली, कायमची.

"आणि परवापर्यंत नाही नेता आली तर?"

वहिनीनं उघड्या खडकाकडे बोट केलं. "मग यावर काय पेरायचं? या रानावर आमची थंडी निघते. हे गेलं तर घराला कुलूप घालून खाली खाणीवर जायचं. या अशा खांद्यानं हे काय दगड फोडणार ते देव जाणे. आणि सासूबाई काही डोंगर उतरायच्या नाहीत. मला म्हणाल्यात, तुम्ही जा, मी शेळीशी बोलत बसेन."

दुसरं कुणी मदतीला येईल असं नव्हतंच. ज्याची त्याची टोपली ज्याच्या त्याच्या पाठीवर होती. पाहुणीनं पदर खोचला.

पहिली टोपली भरून पट्टा कपाळाला लावला आणि उठताना तिला वाटलं, मान मोडून हातात येणार. चार पावलं गेली आणि टोपलीसकट मागे उलटली. माती तिच्या केसांत, कानांत, पोलक्यात गेली. शेजारच्या रानातल्या बायका हसून हसून खाली बसल्या.

"काय गं, बियाणं आणलंस का पाहुणं?" एकीनं ओरडून विचारलं.

"रोप आहे, रुजायला टाकलंय!" दुसरी म्हणाली.

म्हातारी हसली नाही. तिनं पाहुणीची टोपली अर्ध्यावर आणली आणि तिच्या कमरेवर हात ठेवून दाबलं. "छाती पुढं काढून चालू नकोस, मिरवायला निघालीस का? वाक. आणखी वाक. पायाकडे बघ, वर बघू नकोस. वर बघितलं की डोंगर मोठा होतो."

मग पाहुणी वाकली. पुढच्या माणसाच्या टाचा तेवढ्या तिला दिसत होत्या. म्हातारीच्या टाचा. भेगाळलेल्या, मातीनं भरलेल्या, पण एकदाही न डगमगणाऱ्या. त्या टाचा जिथं पडत तिथंच ती पाय टाकत गेली. कपाळावर पट्ट्याचा वळ उठला, मांड्या थरथरू लागल्या, तोंडाला मातीची चव आली. दुपारी एकदा ती वरच्या कडेला रिकामी टोपली धरून उभी राहिली. वारा अंगातला घाम सुकवत होता. खाली दरीत ढग, पलीकडे डोंगरामागे डोंगर, आणि त्या प्रत्येक डोंगराच्या अंगावर ती बारीक चालती रेघ. एवढ्या दुरून माणसं दिसत नव्हती, नुसती हालचाल दिसत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते तिला सांगता आलं नसतं. वहिनी तिच्या बाजूनं टोपली ओतून जाताना म्हणाली, "रडा, पण चालता चालता रडा ताई."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त माती वर गेली होती. जेवायला बांध चढून वर जाण्याचं बळ कुणात नव्हतं, म्हणून तिघींनी खालच्या रानातच, मातीच्या ढिगाशेजारी फडकं सोडलं. वहिनी पाणी ओतत होती. म्हातारी टोपली पाठीवरून न उतरवताच बांधाला टेकून दम खात होती. पाहुणीनं हात धुतले, कमरेची पुरचुंडी सोडली, आणि कणगीतल्या जवाची मूठ भरून समोर टाकली. दोन चिमण्या लगेच उतरल्या.

पाणी ओतता ओतता वहिनीचा हात तसाच कलता राहिला. भांडं भरून वाहू लागलं.

"ताई," ती म्हणाली. "ताई, काय केलंत हे?"

पाहुणीला क्षणभर काहीच उमगलं नाही. मग उमगलं. तिनं पुढं होऊन चिमण्या हाकलल्या. काळ्या मातीवर पिवळे दाणे पडले होते. खालच्याच्या रानात बी पडलं होतं.

शेजारच्या रानातल्या टोपल्या जागच्या जागी थांबल्या. एवढ्या उतारावर बातमीला पाय लागत नाहीत. खालच्याची बायको सगळ्यांत आधी धावत आली, दाणे पाहिले आणि टाळी वाजवून म्हणाली, "पडलं! बी पडलं! चार माणसांदेखत पडलंय हं, मी काही मनाचं सांगत नाही!"

"माझी चूक आहे," पाहुणी हात जोडून म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं हो. मी पाखरांना घातले. या घराचा यात काही दोष नाही. मी परकी आहे..."

तिचं बोलणं अर्धंच राहिलं. म्हातारी बांधापासून उठली होती. तिच्या पाठीवर भरलेली टोपली होती. कुणाकडे न बघता ती ढिगापाशी आली, कपाळाचा पट्टा सोडला, आणि टोपली उलटी केली. माती धपकन ढिगावर पडली. तळाला चिकटलेली मातीसुद्धा तिनं थापटून झाडली.

"आई!" वरून मुलगा ओरडला.

"काय आई?" म्हातारी म्हणाली. "आता ती त्याची. त्याची माती माझ्या टोपलीत काय करतेय?"

तिचा आवाज रोज गाईला चारा घालताना असायचा तसाच होता. पाहुणी तिच्याकडे पाहत राहिली. या बाईचं घर मोडत होतं, तिची थंडी, तिच्या लेकाचा खांदा, सगळं त्या एका मुठीखाली गेलं होतं. आणि ती टोपली झाडत होती. रागावली असती तर पाहुणीला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात खालचा आला. सगळ्यांच्या मधून वाट काढत तो दाण्यांपाशी उभा राहिला. काकूशी त्याचं बोलणं कधी तुटलं नव्हतं. त्यानं विचारलं, "काकू, कुणी टाकलं?"

"माझ्या घरच्या पाहुणीनं. जवही माझ्याच कणगीतले."

"बी ते बी!" त्याची बायको म्हणाली. "देवानं पदरात घातलंय ते घ्या की मुकाट्यानं."

"देवाला घालायचं असतं तर उजळ माथ्यानं घातलं असतं," खालचा म्हणाला. "असं जेवणाच्या वेळी पाखरांच्या आडून नसतं घातलं." त्यानं डोक्यावरचं फडकं काढून जमिनीवर पसरलं. "माझ्या रानात पेरणी माझ्या हातानं होते. दुसऱ्यानं पेरलेलं मी खात नाही. वेचा."

आणि तो गुडघ्यांवर बसला. मोठी, सालटं निघालेली बोटं होती त्याची. त्या बोटांनी तो एकेक जव मातीतून उचलून फडक्यावर ठेवू लागला. पाहुणी त्याच्या शेजारी बसली, मग वहिनी बसली. खालच्याची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. "असला नवरा कुणाला मिळू नये गं बाई," ती सगळ्या उताराला ऐकू जाईल असं म्हणाली, आणि मग बसली. बसली ती बसली, तिची नजर सगळ्यांत तीक्ष्ण निघाली. ढेकळाखालचे, गवताच्या मुळाशी अडकलेले दाणे तीच काढत होती. काल हसलेल्या बायकाही टोपल्या ठेवून आल्या. डोकी एकमेकांना लागत होती आणि कुणी मोठ्यानं श्वाससुद्धा घेत नव्हतं, जणू श्वासानं दाणा उडेल.

शेवटी माती काळीच काळी दिसू लागली.

"मूठ कुणी मोजली होती?" म्हातारी उभ्याउभ्या म्हणाली. "एखादा राहिला असला तर?"

खालच्यानं गुडघे झटकले. "राहिला असला तर मातीबरोबर वर जाईल. तुझ्या रानात उगवेल. मग मी विळा घेऊन येईन आणि माझं ताट कापून नेईन."

"कोणतं तुझं ते कसं कळणार रे?"

"सगळ्यांत उंच असेल ते," तो म्हणाला, आणि सगळा उतार हसला. वर बांधावर त्याचा चुलतभाऊ दगड हातात धरून उभा होता. तोही हसला, पण दगडाकडे बघून.

"पेरणी मात्र उद्याच," जाता जाता खालचा शेळीला म्हणाला. "ओल काही नातं बघत नाही."

म्हातारीनं टोपली पुन्हा भरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ढिगाचा चांगला मोठा भाग अजून खालीच होता. दिवस फुटला तोच खालचा बियाण्याची पिशवी खांद्यावर घेऊन आला. त्याला पाहून वहिनीचा चेहरा उतरला. पाहुणीनं टोपली भरली आणि चढायला लागली. निदान ही एक तरी. परत आली तेव्हा खालचा बांधावर बसून पिशवीच्या तोंडाची गाठ सोडत होता. दुसरी टोपली ओतून आली तरी तो गाठच सोडत होता.

"गाठ बसलीय," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "सुतळी भिजली होती वाटतं."

"मग कापा की!" त्याची बायको म्हणाली.

"चांगली सुतळी कापायची? घरात काय सुतळीचं झाड आहे?"

ऊन चढलं. रानाच्या खालच्या कडेची माती काळ्याची करडी होऊ लागली होती. ओल उतरत होती, डोळ्यांना दिसत होती. खालच्यालाही ती दिसत होती, कारण मधूनमधून तो मान वर करून त्या करड्या पट्ट्याकडे बघे आणि पुन्हा गाठीत नखं घाली. त्याच्या बायकोनं कपाळाला हात लावला. "बोटं आहेत की लाकडं?" ती म्हणाली. मग थोडा वेळ ढिगाकडे, टोपल्यांकडे आणि नवऱ्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "दातांनी नका ओढू. दात हलतोय तुमचा."

माणसं तीच होती, पण चालणं बदललं. वहिनी उतरताना पळायला लागली. तिचा नवरा बांधावरून खाली आला, एका हातानं टोपल्या भरून देऊ लागला. पाहुणीची टोपली आता अर्धी नव्हती. तिनंच काठोकाठ भरून घेतली होती. गुडघे वाजत होते, कपाळाची कातडी सोलली होती, पण वर जाताना तिच्या मनात एकच होतं. खाली एक माणूस बसलाय, आपली ओल जाताना बघतोय आणि न बसलेली गाठ सोडतोय. त्याच्याकडे बघायचं धैर्य तिला होईना, जसं गाभाऱ्यात गेल्यावर वर बघवत नाही.

शेवटची टोपली तिच्या वाट्याला आली. वहिनीच्या नवऱ्यानं फावड्यानं जमीन खरवडून काढली, खालच्याची स्वतःची मूळ माती लागली तिथं थांबला, आणि फावडं उभं रोवलं. त्याच्यापासून दोन हातांवर त्याचा चुलतभाऊ बसला होता. बोलणं त्या दिवशीही झालं नाही. फक्त पाहुणीची टोपली उचलायला एक हात कमी पडत होता, तेव्हा खालचा उठला, दुसऱ्या बाजूनं धरली, तिच्या पाठीला लावून दिली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला.

ती चढली. वरच्या कडेला म्हातारी बसून हातांनी माती पसरत होती. पाहुणीनं टोपली ओतली. खाली पाहिलं तेव्हा पिशवी उघडी होती. खालचा उभा राहिला, मूठ भरली, आणि हात फिरवून पहिलं बी टाकलं. उन्हात ते क्षणभर चमकलं आणि मातीत नाहीसं झालं. मग तो झपाझप चालू लागला. हातून गेलेली सकाळ त्याला भरून काढायची होती.

"चपला काढ," म्हातारी म्हणाली. "आणि तुडव. भुसभुशीत ठेवली तर वारा नेईल."

पाहुणीनं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि एक पाय उचलला. माती ऊबदार दिसत होती, तिच्यावर टोपल्यांच्या काड्यांचे ठसे होते, म्हातारीच्या बोटांचे होते. तिचा पाय हवेतच राहिला. कुणाच्या तरी वाकलेल्या पाठीवर पाय देतोय असं तिला वाटलं.

"अगं, बघतेस काय?" म्हातारी म्हणाली. "दे जोर. तिला सवय आहे."